कुत्र्याच्या पिल्लाचे जुलाब थांबतात आणि आठवड्यात परत सुरू होतात? आधी त्याच्या तोंडात काय जातंय ते लिहून काढा

औषध दिलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. सकाळी ओसरीवर पातळ शी, कधी त्यात आव, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. पिल्लू मात्र खेळतंय, भूकही आहे. म्हणून आपणही म्हणतो, होईल बरं.

तासगावजवळच्या आमच्या वस्तीवर खंड्या आला तेव्हा सात आठवड्यांचा होता. जत भागातला, कारवानी जातीचा, लांब पायांचा. पहिल्या दोन महिन्यांत आम्ही त्याला चार वेळा दवाखान्यात नेलं. चारही वेळा जुलाब थांबले आणि चारही वेळा परत आले. शेवटी कारण सापडलं ते एका वहीत, आणि कारण एक नव्हतं, तीन होती, एकावर एक बसलेली. म्हणून एक औषध पुरत नव्हतं. ज्यांच्या घरी आज हेच चाललंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

त्याआधी: या खुणा असतील तर वाचत बसू नका

शीत रक्त, सडका उग्र वास, सोबत उलट्या, पिल्लू मलूल पडलेलं आणि खायला तोंड लावत नाही, असं असेल तर ते पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार, असू शकतं. लस अपुरी असलेलं पिल्लू पार्व्होत दोन-तीन दिवसांत हातचं जाऊ शकतं. ताबडतोब दवाखाना, सलाईन. हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच खाली बसत नसेल, तरीही थांबू नका. पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचा डोस लागतो. "एक लस झालीय" एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

घरातल्या माणसांच्या गोळ्या पिल्लाला अजिबात देऊ नका. आणि आपल्या भागात सर्रास होणारी गोष्ट: गोठ्यात शेळ्या-मेंढ्यांच्या जंताच्या औषधाची बाटली असते, त्यातलंच थोडं अंदाजाने पिल्लाला पाजतात. ती मात्रा मेंढीच्या हिशोबाने असते आणि त्यातली काही औषधं कुत्र्याला मुळात चालतच नाहीत.

वही

चौथ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "हा दिवसभरात काय काय खातो?" मी म्हटलं, "दूध-भाकरी." ते म्हणाले, "ते तुम्ही देताय. बाकीचे काय देतात?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

घरी येऊन दाराला दोरीने वही आणि पेन बांधलं. घरात आम्ही सात माणसं, शिवाय रानात कामाला येणारी मंडळी. सगळ्यांना एकच विनंती केली: खंड्याला काहीही दिलं, अगदी बिस्किटाचा तुकडा, तरी वेळ आणि नाव लिहायचं. लिहिता येत नसेल तर मला सांगायचं. कुणाला रागवायचं नाही असं मी आधीच कबूल केलं, नाहीतर कुणी खरं लिहिलं नसतं. समोरच्या पानावर शी कधी झाली, कशी झाली, तेही.

एका मंगळवारचं पान असं निघालं: सकाळी सहाला सासूबाईंनी वाटीभर म्हशीचं दूध. साडेसातला मुलाने शाळेत जाता जाता ग्लुकोजची चार बिस्किटं. नऊला माझी दूध-भाकरी. अकराला दिराने उकडलेलं अंडं. दुपारी शेंगदाणे निवडणाऱ्या मावशींनी त्यांच्या डब्यातली चपाती-भाजी. चारला चहात बुडवलेली खारी. संध्याकाळी पुन्हा दूध. रात्री उरलेलं कालवण आणि भात.

प्रत्येकाने प्रेमानेच दिलेलं. पण साडेचार-पाच किलोच्या जिवाच्या पोटात एका दिवसात आठ वेळा आठ प्रकार गेले होते. नुसतं जास्त खाल्ल्यानेही पिल्लाला पातळ होतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

दोन आठवड्यांची पानं शेजारी ठेवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. सकाळची पातळ, फसफसलेली शी जवळजवळ रोजचीच होती. आणि खरे जोराचे जुलाब यायचे ते सोमवारी आणि गुरुवारी.

एकाच वेळी सगळं बदलायचा मोह होतो. तसं करू नका. एक गोष्ट बंद करा, पाच दिवस थांबा, बघा. नाहीतर बरं कशाने झालं ते कधीच कळत नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिलं कारण: दूध

दूध बंद करायचं म्हटल्यावर सासूबाईंना खूप वाईट वाटलं. "लेकराला दूध न्हाई द्यायचं तर मग वाढवायचं कशावर गं?" त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं. आपल्याकडे दूध म्हणजे ताकद. म्हणून त्यांना जे समजावलं तेच इथे लिहिते.

कुत्रीच्या दुधात सुमारे 9 टक्के स्निग्धांश, 7 ते 8 टक्के प्रथिनं आणि 3 टक्क्यांच्या आसपास दुग्धशर्करा असते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश 6-7, प्रथिनं जेमतेम 4 आणि शर्करा 5 च्या घरात. म्हणजे आपल्याला दाट वाटणारं म्हशीचं दूध पिल्लाच्या दृष्टीने प्रथिनांत निम्मं आणि साखरेत दीडपट आहे. गाईचं दूध तर आणखी पातळ. शिवाय पिल्लू आईपासून तुटलं की ही शर्करा पचवणारा पाचकरस त्याच्या आतड्यात कमी होत जातो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. फुगलेलं पोट, गुडगुड, फसफसलेली शी, सगळं यातच आलं.

काही पिल्लांना थोडं दूध पचतं, हे खरं आहे. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं दुधावरच वाढलं असेलही. पण तुमच्या पिल्लाला जुलाब होत असतील तर पहिलं बंद करायचं ते दूधच. पाणी स्वच्छ आणि कायम समोर. चमचाभर ताजं, आंबट नसलेलं दही पुष्कळांना चालतं, कारण विरजणात काही शर्करा मोडलेली असते. पिल्लू चार आठवड्यांपेक्षा लहान असेल आणि आई नसेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी पिल्लांची दूधभुकटी मिळते, ती डॉक्टरांना विचारून आणा.

दूध थांबवल्यावर चौथ्या दिवशी खंड्याची सकाळ सुधारली. पोट बसलं. सोमवार-गुरुवार मात्र तसेच राहिले.

दुसरं कारण: रविवार आणि बुधवार

आमच्याकडे मटण-चिकन होतं ते रविवारी आणि बुधवारी. रात्री भांड्यात उरलेला रस्सा, त्यात कुस्करलेली भाकरी आणि वर दोन हाडं, हे दारातल्या कुत्र्याचं हक्काचं जेवण. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय.

त्या रश्श्यात आपली कांदा-लसूण चटणी असते. तिखट आणि तेल पिल्लाचं पोट बिघडवतं ते दुसऱ्याच दिवशी दिसतं. पण खरा धोका कांद्या-लसणाचा आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी दिसत नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. परिणाम बहुधा तीन ते पाच दिवसांनी कळतो: पिल्लू थकल्यासारखं, हिरड्या फिकट, लघवी तांबूस-काळपट. शिजवल्याने किंवा भाजल्याने हा गुण जात नाही, आणि वाळवून कुटलेल्या मसाल्यात तो जास्त दाटून येतो. वजनाच्या अर्धा टक्का कांदा पोटात गेला तरी विषबाधा होऊ शकते. पाच किलोच्या पिल्लाला म्हणजे 25 ग्रॅम, लहान कांद्याचा तुकडा. थोडं-थोडं रोज गेलं तरी साचत जातं. सांगलीचं भडंग हातातलं खाली सांडतं, मुलं आवडीने देतातही. त्यातही लसूण असतो, तेव्हा तेही बंद.

मटण शिजवलेलं, मसाल्याआधीचं अळणी पाणीसुद्धा बिनधोक समजू नका. आमच्याकडे मटण शिजवतानाच कांदा, आलं-लसूण आणि मीठ पडतं. आता मी चार-पाच बिनहाडाचे तुकडे आधीच काढून वेगळ्या छोट्या पातेल्यात नुसत्या पाण्यात शिजवते. चिमूटभर हळद चालते. मीठ नाही, तेल नाही.

हाडांबद्दल वडीलधाऱ्यांशी वाद होतो, माझाही झाला. शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या सुयांसारख्या कपच्या निघतात. घशात रुततात, आतडं फाडतात. कोंबडीचं हाड तर मुळीच नको.

तिसरं कारण: जंत

दूध गेलं, रस्सा गेला. तीन आठवडे चांगले गेले आणि मग पुन्हा एकदा मऊ, बुळबुळीत शी. वहीत खाण्याचं काहीच कारण सापडेना. तेव्हा ताजी शी स्वच्छ डबीत घालून तपासायला दिली आणि गोल जंतांची अंडी निघाली. आणताना मालकाने "जंताचं दिलंय" म्हणून सांगितलं होतं. ते एकदाच दिलेलं, पुढचे डोस आम्ही दिलेच नव्हते.

गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच मिळतात आणि नंतर दुधातूनही. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी औषध सुरू करतात, साधारण तीन महिन्यांपर्यंत, आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. मात्रा वजनावर असते. पिल्लाला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. हे जंत माणसालाही, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांना बाधतात. अंगणातली शी रोजच्या रोज उचला आणि मुलांचे हात धुवून घ्या.

तपासणीत जंत निघाले नाहीत आणि शी मात्र बरी-वाईट, बरी-वाईट होत राहिली, तर जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींसाठी वेगळी तपासणी करून घ्या. नेहमीच्या जंताच्या गोळीने ते जात नाहीत.

मग द्यायचं काय

इथे मला स्वतःचा एक गैरसमज दुरुस्त करावा लागला. खंड्याला पोटभर दूध-भाकरी मिळते म्हणजे तो चांगला पोसला जातोय, असं मी धरून चालले होते. मग हिशोब मांडून बघितला. तीन महिन्यांच्या, पाच किलोच्या पिल्लाला दिवसाला सुमारे 700 कॅलरी लागतात आणि जवळपास 40 ग्रॅम प्रथिनं. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी धरली तर तिच्यात साधारण 175 कॅलरी आणि 5 ग्रॅम प्रथिनं. म्हणजे 700 कॅलरी भरायला चार भाकऱ्या लागतील आणि प्रथिनं होतील फक्त 20 ग्रॅम. पोट भरलं, पण बांधा घडायला लागणारं निम्मंच मिळालं. कॅल्शियम तर ज्वारीत नावापुरतं असतं.

उलट टोक म्हणजे नुसतं मांस. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार थोडं. नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लाचं शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घ्यायला लागतं, पाय वाकतात, साध्या उडीत हाड मोडतं. त्यावर उपाय म्हणून लोक मनाने कॅल्शियमचं टॉनिक सुरू करतात. मोठ्या बांध्याच्या पिल्लात तेही घातक, कारण लहान वयात आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. टॉनिक डॉक्टरांनी लिहून दिलं तरच द्या.

घरचं पूर्ण संतुलित अन्न बनवणं अशक्य नाही. पण त्यासाठी मोजमाप आणि जाणकाराने बसवून दिलेलं प्रमाण हवं. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही विचारता येईल. आमच्या घरात सात माणसांचे सात अंदाज चालतात, त्यामुळे मी मधला मार्ग घेतला. वाढीच्या वयासाठीचं, पाकिटावर 'पपी' लिहिलेलं कोरडं खाणं मुख्य. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून. प्रमाण पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून. वरून थोडं घरचं: अर्धं उकडलेलं अंडं, बिनहाडाचे दोन तुकडे, उकडलेला तांबडा भोपळा किंवा गाजर. घरचं एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांपर्यंत. भाकरीचा तुकडा आवडत असेल तर बक्षीस म्हणून द्या, जेवण म्हणून नको. सुटं, उघड्या पोत्यातलं खाणं मी घेत नाही. उन्हाळ्यात त्यातली चरबी खवट होते आणि ते किती दिवसांचं आहे हे कुणी सांगू शकत नाही.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोन. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर वाटी उचलायची. आमच्या वाटीची जबाबदारी आता फक्त दोघांकडे आहे. मुलांना खंड्याला काही द्यायचंच असेल तर त्या दिवसाच्या तोललेल्या खाण्यातले दाणे वेगळ्या डबीत असतात, त्यातलेच द्यायचे.

नवं खाणं एका दिवसात बदलू नका, त्यानेही जुलाब होतात. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं-अर्धं, मग पाऊण. आठ ते दहा दिवस लागू द्या. पिल्लू नव्याने घरी आणताना आधीच्या मालकाकडून तो काय खात होता ते विचारून आठवडाभराचं तेच घेऊन या.

कारवानी पाळणाऱ्यांसाठी एक खास सांगणं. या जातीच्या बरगड्या थोड्या दिसणारच, तिचा बांधाच शिडशिडीत आहे. खंड्याला बघून प्रत्येक पाहुणा "उपाशी ठेवता का?" म्हणायचा आणि आम्ही आणखी तूप-दूध घालायचो. बरगडीवर हात फिरवल्यावर हाडं सहज लागली आणि वर पातळ मांसाचा थर जाणवला तर वजन ठीक आहे. कणा आणि कमरेची हाडं वर आली तर मात्र कमी.

जुलाब चालू असताना एक-दोन दिवस मऊ भात आणि कुस्करलेलं उकडलेलं चिकन, भात दोन भाग आणि चिकन एक भाग, थोडं-थोडं पाच-सहा वेळा. याहून जास्त दिवस हेच देऊ नका, त्यात बरंच काही कमी पडतं. मोठ्या कुत्र्याला एक वेळ लंघन चालतं, पण लहान पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवू नका, त्याच्या रक्तातली साखर उतरते. उलटी होत नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजा. चोवीस तासांत फरक नाही तर दवाखाना.

बेदाणा

याचा जुलाबांशी थेट संबंध नाही, पण आपल्या भागात हे न लिहिता पुढे जाणं मला जमणार नाही. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत. 2021 मध्ये पशुवैद्यांनी त्यामागे टार्टारिक आम्ल असल्याचं कारण पुढे आणलं; हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंच घातलेली आमटीही नको. किती मणी खाल्ल्यावर त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन खेळतं, दुसरं चार-पाच मण्यांनी जातं. आधी उलट्या, मग एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो, त्यामुळे बेदाण्यात सगळं चौपट दाटलेलं असतं.

फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये रॅकवर माल असतो आणि झाडताना खाली मणी पडतात. पिल्लू ते टिपत फिरतं आणि कुणाला वावगं वाटत नाही. आमच्याही शेडवर कुणाला वाटत नव्हतं. आता झाडणी असेल त्या दिवशी खंड्या घरामागे जाळीच्या कुंपणात असतो. तुमच्या पिल्लाने बेदाणे खाल्ले असं कळलं तर लक्षणांची वाट बघू नका. पहिल्या दोन तासांत डॉक्टर इंजेक्शनने उलटी करवू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठानेही पिल्लू दगावतं.

चॉकलेट, झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ, चहा-कॉफी हेही बंद. साताऱ्याहून पाहुण्यांनी आणलेला कंदी पेढा विष नाही, पण त्यात खवा आणि साखरच असते. पातळ व्हायला एक पुरतो. आंब्याच्या दिवसांत कोय आणि मक्याची कणसं पिल्लाच्या टप्प्यात टाकू नका, आतड्यात अडकली तर पोट फाडून काढावी लागतात.

दवाखान्यात जाताना ताजी शी, मोबाइलवर दोन-तीन फोटो, लस आणि जंताच्या तारखा आणि वही सोबत घ्या. आमच्या डॉक्टरांनी पुढच्या खेपेला वही उघडली, दहा मिनिटं पानं चाळली आणि त्या दिवशी एकही औषध लिहून दिलं नाही.

खंड्या आता सात महिन्यांचा आहे. रविवारी मटण होतंच. फोडणी पडायच्या आधी त्याचे तुकडे बाजूला काढायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय, आणि वहीत त्या वेळेसमोर नावही त्यांचंच असतं.